तक्रारदार व्हाळापलीकडे

कारवारकडच्या जोयड्याच्या बसस्टँडसमोर माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. फॉर्म कसलाही असो, रेशनचा, गॅसचा, शाळेच्या दाखल्याचा, त्यात एक चौकोन असतोच: मोबाईल क्रमांक. पुढं लाल चांदणी, म्हणजे तो भरल्याशिवाय सुटका नाही. समोरच्या बाकावर बसलेला माणूस मात्र रानातल्या वाडीवरून तासभर चालून, मग बस पकडून आलेला असतो. त्याच्याकडे फोन असला तरी वाडीत रेंज नसते. मग तो म्हणतो, ‘‘तुमचाच घाला की अक्का.’’ आणि मी घालते.

असं करत करत अर्ध्या तालुक्याचा नंबर म्हणजे माझा नंबर झाला. कुणाचा सिलिंडर आला, कुणाचं आधार कार्ड तयार झालं, कुणाला बँकेत अंगठा द्यायला बोलावलं, सगळं माझ्या फोनवर. चारची बस सुटायच्या आधी मी बसून चिठ्ठ्या लिहायची. वर गावाचं नाव, खाली माणसाचं, मग निरोप. चिठ्ठ्या कंडक्टरच्या हातात, नाहीतर जीपवाल्याच्या. तिथून पुढं दुधवाला, शाळेची बाई, जो कोण त्या वाटेनं जाईल तो. दुसऱ्या दिवशी माणूस दारात हजर. या माझ्या कारभाराचा मला फार गर्व होता, खोटं कशाला बोलू. सरकारला जमलं नाही ते मी चार कागदाच्या कपट्यांवर जमवलंय, असं मी चहाच्या टपरीवर दोन-तीनदा तरी बोलून दाखवलं होतं.

माझी धाकटी काकी अशाच एका वाडीत राहते. वाडीच्या अलीकडं व्हाळ आहे. उन्हाळ्यात त्यात गुडघाभरही पाणी नसतं, पोरं दगडांवरून उड्या मारत शाळेला जातात. पावसाळ्यात तोच ओढा दोन्ही काठ खातो. पलीकडं जायला दोन ओंडके बांधून ठेवलेले असतात, ते दर वर्षी एकदा तरी वाहून जातात. काकीच्या परसात आणि मागच्या उतारावर कंद आहेत: कणगी, करांदे, कोनफळ, सुरण, आणि अशा काही जाती ज्यांची नावं फक्त तिला आणि तिच्या सासूला ठाऊक होती. सासू गेली, आता फक्त तिला. कंद काढताना प्रत्येक जातीतले दोन-चार ती मातीत परत ठेवते, कुणी मागितले तरी देत नाही. ‘‘ते माझं न्हवं, जमिनीचं हाय,’’ म्हणते.

दोन हिवाळ्यांपूर्वी दिल्लीच्या एका संस्थेचं पत्र माझ्या दुकानात आलं. कंदांच्या जुन्या जाती जपल्याबद्दल काकीचा सत्कार, सोबत एक माणूस, विमानाची तिकिटं तेच काढणार, फक्त दोघांची माहिती भरून पाठवा. तिच्या नावानं वर्षभरापूर्वी मीच फोटो आणि अर्ज पाठवला होता आणि मीच विसरून गेले होते. मी पत्र घेऊन वाडीवर गेले आणि वाचून दाखवलं. काकी सुपात नाचणी पाखडत होती. ती थांबली नाही.

‘‘कंद लावल्याबद्दल बोलवाय लागल्यात? मग खाल्ल्याबद्दल काय देत्यात?’’

‘‘काकी, दिल्लीला जायचंय. विमानानं.’’

‘‘मी न्हाई जायची. तू जा. माझा फोटू घेऊन जा.’’

तिला तयार केलं ते सत्काराच्या गोडीनं नव्हे. पत्रात शेवटी एक ओळ होती, सत्कार मंत्र्यांच्या हस्ते होईल. ती वाचल्यावर काकीचं सूप थांबलं. तिनं विचारलं, ‘‘मंत्री म्हंजे खराच? समोर उभा ऱ्हाणार?’’ मी हो म्हणाले. ती उठून आत गेली आणि तांदळाच्या डब्यातून घडी घातलेला कागद घेऊन आली. तो साकवाचा, व्हाळावरच्या छोट्या पुलाचा, अर्ज होता.

आता काकांचं सांगायला हवं. त्याआधीच्या एका पावसाळ्यात काकांच्या छातीत सकाळी सकाळी कळ आली. वाडीतल्या चौघांनी त्यांना खुर्चीला बांधून व्हाळापर्यंत आणलं. एकजण आधीच अंगाला दोर बांधून अलीकडं आला होता, त्यानं रेंज लागेपर्यंत धावत जाऊन मला फोन लावला, सरकारी गाडी आली. त्या गाडीत बसून मीही आले. अलीकडच्या काठावर गाडी, डॉक्टरीण, स्ट्रेचर, ऑक्सिजनची नळकांडी, सगळं. पलीकडच्या काठावर खुर्चीत काका. मध्ये पाणी. ओंडके रात्रीच गेले होते. खुर्ची घेऊन कुणाला उतरता येईना. आम्ही दुपारपर्यंत तसेच उभे होतो. काका मला दिसत होते, त्यांनी एकदा हात वर केलेला मी पाहिला. मग काकीनं पदर तोंडात कोंबला तेव्हा कळलं.

त्यानंतर वाडीनं साकवासाठी अर्ज लिहायला लावले. लिहिणारी मीच. मराठीत, कानडीत, जाईल तिथं. प्रत्येक अर्जाची पोच मिळायची, शिक्का मारलेली. पोच मिळाली की वाडीवाले खूश होऊन परत जायचे, आणि मी फायलीत पोच लावायची. उत्तर म्हणून कागद एकही आला नाही.

तर आता मंत्री समोर उभा राहणार होता. वाडीत बैठक झाली आणि ठरलं की काकीनं सत्काराची ढाल उजव्या हातानं घ्यायची आणि अर्ज डाव्या हातानं द्यायचा. एक म्हातारे म्हणाले, डाव्या हातानं देऊ नये, मंत्र्याला राग येईल. मग उलट ठरलं. अर्ज मी हिंदीत लिहिला. आणि काकीनं एक वाक्य बोलायचं, एकच, कारण जास्त बोलायला गेली तर रडेल असं तिला स्वतःलाच वाटत होतं. ‘‘साहब, हमारे नाले पर पुल दीजिए.’’

‘‘पूल न्हवं, साकव,’’ काकी म्हणाली.

‘‘दिल्लीत साकव कळणार नाही.’’

‘‘पूल मागितला तर मोठा खर्च वाटंल त्यास्नी. साकव म्हंजे बारका.’’

मी ‘छोटा पुल’ केलं. तेव्हा तिचं समाधान झालं.

संस्थेच्या फॉर्ममध्ये प्रवाशाचा मोबाईल क्रमांक विचारला होता. काकीचा आणि माझा, दोन चौकोन. दोन्हींत मी माझाच घातला. हात इतका सरावलेला होता की विचारसुद्धा आला नाही.

जायच्या तीन दिवस आधी मी दुकान बंद करून वाडीवर मुक्कामाला गेले. हेतू चांगला होता. काकी कारवारच्या पुढं कधी गेलेली नव्हती, तिला सगळं शिकवायला हवं होतं. ओसरीवर मी तिला पाटावर बसवायची आणि काकांच्या जुन्या उपरण्यानं पोटाला बांधायची, विमानाचा पट्टा म्हणून. शेजारच्या बायका बघायला जमायच्या. एकीनं विचारलं, ‘‘पट्टा सोडला तर खाली पडत्यात काय?’’ मंत्री मी व्हायची. पितळी तांब्या म्हणजे ढाल. काकी तांब्या डाव्या हातानं घ्यायची, उजव्या हातानं अर्ज पुढं करायची आणि वाक्य म्हणायची. पहिल्या दिवशी तिचा आवाज निघेना. दुसऱ्या दिवशी तिनं ते इतकं खणखणीत म्हटलं की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. आम्ही पोट धरून हसलो. फोन माझ्या पिशवीत होता, रेंज नसलेला, त्याची मला आठवणसुद्धा झाली नाही. तिथं गेलं की मला बरं वाटतं ते त्यामुळंच.

निघायच्या दिवशी सकाळी व्हाळ ओलांडून जीपमध्ये बसलो. काकीच्या मांडीवर कंदांची टोपली, माती न धुतलेली, कारण धुतले की कुजतात. अर्ज पोलक्यात. संध्याकाळी गोव्याहून विमान, दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला सत्कार. रामनगर जवळ आलं तशी रेंज आली आणि पिशवीतला फोन थरथरायला लागला. तीन दिवसांचं तुंबलेलं सगळं एकदम. मी काढून पाहिलं: सिलिंडर, ओटीपी, सिलिंडर, बँक, शाळा, ओटीपी. रोजचीच रास. आज चिठ्ठ्या लिहायच्या नाहीत, सुट्टी आहे, असं मी मनात म्हटलं आणि फोन परत पिशवीत टाकला. मग अनमोडचा घाट लागला, काकीला उलटी झाली, मी तिच्या पाठीवर हात फिरवत बसले.

विमानतळाच्या दारावरच्या शिपायानं आमचं तिकीट पाहिलं, समोरच्या पडद्याकडे पाहिलं आणि काउंटरवर जायला सांगितलं. काउंटरवरच्या मुलीनं नंबर टाकला. तिचा चेहरा पडला नाही की काही नाही, रोजचंच असावं. हे संध्याकाळचं विमान रद्द झालंय, म्हणाली. या विमानाच्या प्रवाशांना आज सकाळच्या विमानात जागा दिली होती. ते विमान गेलं.

‘‘आम्हाला कुणी सांगितलं नाही,’’ मी म्हणाले.

‘‘आपको इन्फॉर्म किया गया था, मॅम.’’

तिनं वेळसुद्धा सांगितली. परवा सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. मी फोन काढला. दोन सिलिंडरांच्या मध्ये तो मेसेज होता. परवा अकरा-वीसला मी काकीच्या पोटाला उपरणं बांधत होते.

मी वेळ पुन्हा तपासली. मग राग आला, आणि राग आला की माझा आवाज चढतो. मी म्हटलं, फोन का नाही केला, मेसेज काय टाकता, रानात रेंज असते का, उद्या सकाळी हिचा सत्कार आहे, मंत्री थांबणार आहे का हिच्यासाठी? रांगेतली माणसं वळून बघायला लागली. मुलगी शांतपणे म्हणाली की पुढची जागा उद्या दुपारच्या विमानात आहे, नाहीतर तिकिटाचे पैसे परत. दुसऱ्या कंपन्यांकडेही विचारून झालं. दिल्लीत धुकं होतं, सगळी विमानं मागंपुढं झालेली, जागा कुठंच नव्हती. मी दिल्लीला संस्थेत फोन लावला. तिथल्या बाई हळहळल्या, म्हणाल्या, कार्यक्रमाची वेळ काही बदलता येणार नाही. तुमची ढाल आम्ही पोस्टानं पाठवू.

माझा आरडाओरडा ऐकून आतून एक अधिकारी आला. टाय, छातीवर नावाची पट्टी, हातात फाईल. त्यानं मला लेखी तक्रार करायला कागद दिला. मी उभ्या उभ्या खरडत होते, इतक्यात काकी टोपली खाली ठेवून त्याच्यापुढं गेली. पदर सारखा केला. पोलक्यातून अर्ज काढून उजव्या हातानं पुढं धरला.

‘‘साहब,’’ ती म्हणाली, ‘‘हमारे नाले पर छोटा पुल दीजिए.’’

एक अक्षर चुकलं नाही. ओसरीवर म्हणायची त्याहून चांगलं म्हणाली. मी तिला अडवायला हवं होतं, अडवलं नाही. त्या माणसानं अर्ज घेतला. बिचाऱ्यानं तो पूर्ण वाचला, हे मी स्वतः पाहिलं. मग म्हणाला, ‘‘ठीक है अम्मा, मैं आगे भेज दूँगा,’’ आणि माझ्या तक्रारीच्या कागदाला टाचणी लावून तो फाईलमध्ये ठेवला.

परतीच्या जीपमध्ये मी रडत होते आणि काकी माझ्या पाठीवर हात फिरवत होती. मी म्हटलं, ‘‘काकी, तो विमानवाल्यांचा माणूस होता गं. त्याच्या हातात काही नाही.’’

‘‘ठाव हाय मला,’’ ती म्हणाली. ‘‘येवढं पाठ केलं हुतं. कुणाला तरी म्हणून दाखवाय नको?’’

 मी तिची टोपली माझ्या मांडीवर घेतली.

पुढच्या आठवड्यात मी कंबर कसली. फॉर्म भरणं हा माझा धंदा आहे, मी काही काकी नव्हे, असं मला वाटत होतं. दुपारी गिऱ्हाईक नसताना मी सरकारचे विमानप्रवासाचे नियम काढून वाचले. चांगले नियम आहेत, खोटं नाही. विमानाला उशीर झाला तर खायला-प्यायला द्यावं. फार उशीर असेल तर राहायची सोय करावी. रद्द करायचं असेल तर आधी कळवावं, न कळवता केलं तर भरपाई द्यावी. आणि प्रत्येक कंपनीनं दर महिन्याला सरकारला हिशेब द्यावा: किती विमानं उशिरा गेली, किती रद्द झाली, कशामुळं, किती प्रवाशांना त्रास झाला, त्यांना काय दिलं, किती तक्रारी आल्या, किती मिटल्या. मी वाचत गेले आणि माझा जीव भांड्यात पडत गेला. कुणीतरी मोजतंय, म्हणजे कुणीतरी बघतंय, असं मला वाटलं.

मग मी कळवण्याबद्दलचा भाग परत वाचला. प्रवाशानं दिलेल्या क्रमांकावर कळवायचं. चोवीस तासांच्या आधी कळवलं असेल तर दुसऱ्या विमानात जागा किंवा पैसे परत, तेवढं केलं की कंपनी मोकळी. संपर्काची माहिती नीट देणं हे प्रवाशाचं काम. नियमात काही खोट नव्हती. निरोप माणसापर्यंत पोचावा असं त्यात म्हटलेलंच नव्हतं, नंबरापर्यंत पोचावा एवढंच होतं. आणि तो पोचला होता. माझ्या नंबरापर्यंत. चिठ्ठी लिहिणारी वाडीवर मंत्री होऊन तांब्याची ढाल देत होती.

तरी मी तक्रार केली. आधी कंपनीकडं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं, तीन परिच्छेदांचं. पहिल्यात दिलगिरी. दुसऱ्यात, विमान कामकाजाच्या कारणानं रद्द करावं लागलं, प्रवाशास मुदतीत कळवलं, पर्यायी विमान देऊ केलं, सबब भरपाई लागू नाही. तिसरा परिच्छेद मी दोनदा वाचला. ‘आपल्या पत्रासोबतच्या ओढ्यावरील पुलाच्या विनंतीबाबत नम्रपणे कळवितो की सदर विषय आमच्या अखत्यारीत येत नाही. कृपया संबंधित कार्यालयाशी संपर्क साधावा.’ आधी मी खो खो हसले. झेरॉक्स काढायला आलेला मास्तर घाबरून बघायला लागला. हसता हसता मला रडू फुटलं, कारण लक्षात आलं की साकवाच्या अर्जाला आजवर मिळालेलं हे एकमेव लेखी उत्तर आहे. मी त्याची प्रत काढून पोचांच्या फायलीत लावली.

मग सरकारच्या पोर्टलवर गेले. तिथं तक्रारीचा प्रकार निवडायचा असतो. उशीर, रद्द, सामान, परतावा, कर्मचाऱ्यांची वागणूक. मला हवा तो प्रकार त्या यादीत नव्हता, आणि मला काय हवंय हे एका शब्दात मलाही सांगता आलं नसतं. मी ‘रद्द’ निवडलं. पाचशे अक्षरांत हकिगत लिहा म्हणाले. काका, व्हाळ, ढाल, अर्ज, सगळं पाचशेत बसेना. काका काढले, तेव्हा बसलं. तक्रारदार म्हणून काकीचं नाव घातलं. मोबाईल क्रमांकाच्या चौकोनाशी येऊन मात्र मी बराच वेळ बसून राहिले. दुसरा नंबर कुठला आणणार? माझाच घातला.

तक्रार मिटली असा मेसेज आला. मी परत उघडली. परत मिटली. दरम्यान त्या महिन्याचा सरकारी तक्ता निघाला. इतक्या बारीक अक्षरात की मी तो दोन कागदांवर मोठा करून छापला आणि काउंटरवर पसरून काकीला शोधत बसले. रद्द झालेल्या विमानांच्या ओळीत एक आकडा होता, त्यात आमचं विमान असणार. त्रास झालेल्या प्रवाशांच्या आकड्यात आम्ही दोघी असणार. पुढच्या रकान्यात होतं, पर्यायी विमान किंवा परतावा दिला. तिथंही आम्ही होतो. त्या कागदापुरतं काकीचं सगळं व्यवस्थित झालेलं होतं. मी चष्मा काढून ठेवला आणि बाहेर जाऊन उभी राहिले. भांडायला समोर कुणी असतं तर बरं झालं असतं.

ढाल पोस्टानं आली, शालीसकट. शाल काकीनं शेजारच्या बाळंतिणीला दिली. ढाल ती बियाण्याच्या मडक्यावर झाकण म्हणून ठेवते. उंदीर येत नाहीत म्हणते.

पावसाळा लागला. जुलैत एका सकाळी पोर्टलकडून शेवटचा मेसेज आला. तक्रार अंतिम निकाली काढत आहोत, तक्रारदार समाधानी आहे का, हो किंवा नाही, तीन दिवसांत कळवा. माझं बोट ‘नाही’वर गेलं होतं. पण मग मी स्वतःला आवरलं. एकदा तिच्या नावापुढं माझा नंबर घालून मी तिचं वाटोळं केलं होतं. या वेळी तिचं उत्तर तिनंच द्यायचं, मी फक्त दाबणार, असं मी ठरवलं. फार मोठी शहाणी झाले होते ना.

त्या दिवशी झाड पडून बस बंद होती. दुसऱ्या दिवशी पोचले तर व्हाळाला पूर. तिसऱ्या दिवशी परत गेले. ओंडके वाहून गेलेले. ज्या जागी काकांच्या वेळी गाडी उभी होती त्याच जागी मी छत्री धरून उभी राहिले. कुणीतरी पलीकडून बघून सांगितलं असावं, थोड्या वेळानं काकी आली, डोक्यावर इरलं घेऊन. काकांची खुर्ची ठेवली होती तिथंच ती उभी राहिली. मी ओरडले, ‘‘काकी, हो की नाही?’’ पाण्याच्या आवाजात माझंच मला ऐकू येईना. मी फोन वर धरून दाखवला. तिनं हात कानाला लावला, मान हलवली, काही ऐकू येत नाही अशी. मग दोन्ही हातांनी खुणा करायला लागली, माघारी जा, पाणी चढतंय, माघारी जा. मी दुपारपर्यंत थांबले. पाणी उतरलं नाही. तीही थांबली. एकदा तिनं हात वर केला, तेव्हा मला तिथं उभं राहवेना. मी पाठ फिरवून चालायला लागले.

जोयड्याच्या अलीकडं वळणावर रेंज येते. तिथं फोन थरथरला. सिलिंडर, बँक, सिलिंडर, आणि त्यांच्या खाली पोर्टलचा मेसेज: ‘मुदतीत उत्तर न आल्याने तक्रारदार समाधानी असल्याचे गृहीत धरून तक्रार बंद करण्यात आली आहे.’

मी तिथंच वळणावर उभी राहून तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचला. मग सवयीनं पिशवीतून कागदाचा कपटा काढला, वर वाडीचं नाव लिहिलं, खाली काकीचं. निरोपाची जागा रिकामीच राहिली. लिहून तरी काय उपयोग होता? पाणी उतरेपर्यंत पलीकडं चिठ्ठीसुद्धा जात नाही.